आधी माप, मग पैसे

तुमच्यापैकी अनेकजण सायकलवरून शाळेत येत असाल. सायकलची ट्यूब किंवा ब्रेकचे रबर बदलणे सोपे असते. पण क्रँक बदलायचा म्हटला की थोडा विचार करावा लागतो.

पायडल ज्या दांड्याला लावलेले असते, तो दांडा म्हणजे क्रँक. उजव्या क्रँकला दातेरी चक्र असते आणि त्यावरून चेन फिरते. रेसिंग सायकलला बहुधा अशी दोन चक्रे असतात, एक मोठे आणि एक लहान. दोन्ही क्रँक आणि ही चक्रे मिळून जो संच होतो, त्याला क्रँकसेट म्हणतात.

माझा भाचा पुण्यात कोंढव्याला राहतो. मोठ्या भावाची जुनी रेसिंग सायकल त्याला मिळाली. तो तीवरून कॉलेजला जात असे. जुना कात्रज घाट एकदा तरी न उतरता चढायचा, अशी त्याची फार इच्छा होती.

एके दिवशी डाव्या क्रँकमधून कटकट असा आवाज येऊ लागला. बोल्ट सैल झाला होता. पाच मिनिटांचे काम होते, पण त्याने ते आज-उद्या करत टाळले. क्रँक सैल असताना सायकल चालवली की त्याचे चौकोनी भोक झिजते. मग बोल्ट कितीही आवळला, तरी क्रँक हलतच राहतो. तसेच झाले.

दोन वर्षांची साठवलेली ईदी घेऊन भाचा बाजारात गेला. काळा, चकचकीत क्रँकसेट त्याच्या मनात भरला. त्याने तो लगेच विकत घेतला. घरी येऊन त्याला पायडलही लावून पाहिले आणि मग तो मिस्त्रीचाचांकडे गेला.

चाचांनी विचारले, "बेटा, जुना क्रँक बरोबर नेला होतास का?"

"नाही चाचा. पण हा खूप चांगला आहे."

"चांगला आहे, पण तुझ्या सायकलचा नाही."

चाचांचे म्हणणे खरे होते. भाच्याच्या सायकलचा आस चौकोनी टोकांचा होता. नव्या क्रँकला स्वतःचाच 24 मिलिमीटर जाडीचा पोकळ आस होता. तो बसवायचा तर बेअरिंगचे कपही नवे घ्यावे लागणार होते आणि खिशात पैसे उरले नव्हते. पायडल लावल्यामुळे आट्यांवर ओरखडे पडले होते, म्हणून दुकानदार तो परत घेईना. महिनाभर सायकल अंगणात उभी राहिली आणि भाचा बसच्या रांगेत!

मित्रांनो, हा महिना तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, आस पाहा. साध्या काळ्या सायकलचा क्रँक बहुधा कॉटर पिनने बसवलेला असतो. काही सायकलींचा आस चौकोनी असतो, तर काहींचा पोकळ. एकाचा क्रँक दुसऱ्यावर बसत नाही.

दुसरी गोष्ट, दात मोजा. भाच्याच्या सायकलला पुढे 53 आणि 39 दातांची चक्रे होती. मागचे सर्वांत मोठे चक्र 25 दातांचे होते. 39 ला 25 ने भागले, तर 1.56 येतात. म्हणजे पायडल एकदा फिरवले की चाक 1.56 वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर धरला, तर सायकल 3.28 मीटर पुढे जाते. पुढचे चक्र 34 दातांचे असेल, तर ती 2.86 मीटरच जाते. अंतर कमी, पण जोरही कमी लागतो. घाटात हेच हवे असते.

तिसरी गोष्ट, बोल्टांचे वर्तुळ मोजा. भाच्याच्या जुन्या क्रँकवर चक्रे पाच बोल्टांनी बसवलेली होती. त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास 130 मिलिमीटर होता. त्यावर 38 दातांपेक्षा लहान चक्र बसत नाही. 34 दातांच्या चक्रासाठी 110 मिलिमीटरचे वर्तुळ लागते. म्हणून नुसते चक्र नव्हे, तर सगळा संच बदलावा लागतो.

चौथी गोष्ट, लांबी वाचा. बहुतेक क्रँकच्या मागच्या बाजूला 165, 170 किंवा 175 असा आकडा कोरलेला असतो. ही मिलिमीटरमधली लांबी असते. बुटक्या मुलाने फार लांब क्रँक घेतला, तर गुडघा जास्त वाकतो.

चेनही तपासा. नव्या चेनच्या 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरते. ती एक अष्टमांश इंचाने वाढली असेल, तर चेनबरोबर चक्रेही झिजलेली असण्याचा संभव असतो. आणि क्रँकला तडा गेला असेल, तर त्याला वेल्डिंग करून वापरू नका. भर रस्त्यात तो तुटला, तर जिवावर बेतेल.

पुढे चाचांनी एका मोडीत निघालेल्या सायकलचा क्रँकसेट शोधला. आस चौकोनी, चक्रे 50 आणि 34 दातांची, लांबी 170. त्यांनी तो तपासून, साफ करून बसवला. मोठे चक्र तीन दातांनी लहान झाले, म्हणून पुढचा गिअर बदलणारा भाग 6 मिलिमीटर खाली घेतला. खर्च फार थोडा आला. तो चकचकीत क्रँकसेट भाच्याच्या मित्राच्या सायकलला अगदी नीट बसला! वस्तूत काहीच दोष नव्हता.

एका रविवारी पहाटे भाचा कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत पोहोचला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामू, एकदाही उतरलो नाही!"

वस्तू चांगली असणे वेगळे आणि आपल्या कामाची असणे वेगळे. हा फरक दुकानात जाण्यापूर्वी कळला, तर पैसे वाचतात.

शब्दार्थ
आस – ज्याभोवती चाक फिरते तो दांडा
आटे – स्क्रूवरील गोल खाचा
परीघ – वर्तुळाच्या कडेची लांबी
मोडीत निघणे – निकामी होणे
जिवावर बेतणे – प्राण संकटात येणे

स्वाध्याय
1. भाच्याला महिनाभर बसने का जावे लागले?
2. घाट चढताना पुढचे लहान चक्र का उपयोगी पडते?
3. पुढे 50 आणि मागे 25 दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरेल?
4. 'जिवावर बेतणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
5. तुमच्या घरच्या सायकलचे पुढचे व मागचे दात मोजून वहीत लिहा.