घरी शिकणाऱ्या मुलाचा अभ्यास : दोर केव्हा सैल करावा?



शब्बाथच्या तेफिलेनंतर किद्दूशच्या वेळी मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुमची नात शाळेत जात नाही म्हणे? मग दिवसभर घरी करते तरी काय?" विचारणाऱ्यांना काळजी वाटते हे मी जाणतो. ज्या समाजाने १८७५ साली मुंबईत स्वतःची इस्रायली शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली, त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांच्या कानाला 'शाळा सोडली' हे शब्द टोचणारच. मलाही टोचले होते. पण हातात ग्लास धरून उभ्या उभ्या ह्या प्रश्नाचे उत्तर देणे जमत नाही, म्हणून ते इथे लिहितो. आपल्यापैकी आणखी दोन-तीन घरांत मुले घरी शिकत आहेत असे कळते. त्यांच्या आईवडिलांना माझ्या चुका उपयोगी पडतील.

माझी मुलगी व जावई अश्दोदला आमच्या जवळच राहतात. त्यांची थोरली मुलगी दहावीत, म्हणजे इथल्या भाषेत 'योद' वर्गात असताना घरी शिकू लागली. कारणे घरची आहेत, ती सांगण्याची गरज नाही. आईबाप दोघेही नोकरीला आणि मी सेवानिवृत्त. मुंबईत असताना मी काही वर्षे शाळेत गणित शिकवले होते, म्हणून ही जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली.

इस्राएलमध्ये मुलाला घरी शिकवणे म्हणजे शाळेतून नाव काढून मोकळे होणे नव्हे. १९४९ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे झाले आणि २००७ च्या दुरुस्तीने ही सक्ती बारावीपर्यंत वाढवण्यात आली. घरी शिकवायचे तर काय व कसे शिकवणार ते लिहून देऊन शिक्षण मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. हायस्कूलच्या वयात त्यात बग्रुतची भर पडते. शाळेतल्या मुलाच्या पाठीशी शाळेने दिलेले वर्षाचे गुण असतात. त्यांना 'मागेन' म्हणतात, म्हणजे ढाल. बाहेरून बसणाऱ्या मुलाला ही ढाल नाही. परीक्षेच्या दिवशी कागदावर जे उतरेल त्याचेच गुण. आणि अठरावे वर्ष लागले की सैन्य, त्यानंतर कॉलेज किंवा नोकरी. तिथे शेजारी खुर्ची टाकून बसायला आजोबा येणार नाहीत.

मी मात्र खुर्ची टाकूनच बसलो होतो. सुरुवातीला मी एक मोठा तक्ता केला. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी, सव्वादहापर्यंत चहा, मग तनाख, मग इतिहास. प्रत्येक रकान्यात पुस्तकाच्या पानांचे आकडे घातले. मुलगी गुणी. सांगितले ते सर्व करी, वही स्वच्छ ठेवी. असे तीन महिने गेले व मी मनातून खूश होतो. हनुक्काच्या सुमारास माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि दहा-बारा दिवस मी तिकडे गेलो नाही. परत जाऊन पाहतो तो वही मी सोडली त्याच ओळीवर. मी रागावलो. "अगं, इतके दिवस केलंस तरी काय?" ती म्हणाली, "नाना, पुढे काय करायचं ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरोखरच तसे वाटत होते, आणि मला त्याचेच वाईट वाटले. शाळा सोडून आम्ही तिला घरी आणले, पण घरी मी एका विद्यार्थिनीची शाळाच काढली होती आणि घंटा माझ्या हातात होती.

बापाने मुलाला काय काय शिकवावे ह्याची चर्चा तालमूदमध्ये आहे. तोरा शिकवावी, धंदा शिकवावा, आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवावे. पोहणे त्या यादीत वाचले की मला अलिबागकडची आमची विहीर आठवते. पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक काठावर उभ्या असलेल्या काकांच्या हातात. पहिले दोन दिवस दोर ताठ असे. मग काका तो हळूहळू सैल सोडीत, पण टोक हातातच ठेवीत. नंतर भोपळ्याच्या जागी लहान भोपळा आला. एके दिवशी माझ्या लक्षात आले की दोर पाण्यावर नुसता तरंगतो आहे. काकांनी पहिल्याच दिवशी दोर सोडला असता तर मी बुडालो असतो. कायम ताठ धरला असता तर आजही दोराशिवाय पाण्यात उतरलो नसतो.

तेव्हा तक्ता फाडून 'आता तुझे तू बघ' असे मी म्हटले नाही. तसे करणारे पालक आहेत. ते मुलाला स्वातंत्र्य देतो असे समजतात, आणि दोन महिन्यांनी मूल दुपारी बारा वाजता उठते म्हणून पुन्हा कपाळाला हात लावतात. मी प्रथम एकच गोष्ट तिच्या हाती दिली. काय करायचे ते मी सांगेन, कोणते आधी व कोणते नंतर ते तिने ठरवायचे. तिने गणित ठेवले जेवणानंतर, डोळे मिटायच्या वेळी. मला दिसत होते, पण बोललो नाही. (गप्प बसणे मला किती जड जाते ते आमच्या घरी विचारा.) तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून गणित सकाळी घेतले.

पेसाहनंतर आठवड्याची योजना तिच्याकडे गेली. रविवारी सकाळी ती आपल्या हाताने लिहिते आणि शुक्रवारी शब्बाथच्या स्वयंपाकाची गडबड सुरू होण्याआधी आम्ही अर्धा तास हिशेब पाहतो. तीनच रकाने आहेत : काय ठरवले, किती वेळ लागेल असे वाटले, प्रत्यक्षात किती लागला. पहिल्या शुक्रवारी अकरा कामांपैकी पाच झाली होती. इतिहासाचा एक धडा तासात होईल असे तिला वाटले होते, त्याला अडीच तास लागले. ती रडकुंडीला आली. मी 'आळस केलास' असे म्हटले नाही, कारण तो आळस नव्हता, अंदाज चुकला होता. फक्त विचारले, "पुढच्या आठवड्यात किती कामं लिहिशील?" "सहा," ती म्हणाली. पुढच्या शुक्रवारी सहापैकी पाच पूर्ण होती. आपल्याला एखादे काम करायला किती वेळ लागतो हे शाळेतल्या मुलाला क्वचितच कळते. तिथे घंटा ठरवते. घरी शिकणाऱ्याला हे कळले नाही तर बग्रुतच्या तारखेपासून मागे मोजत अभ्यास मांडणे त्याला कधीच जमणार नाही.

अभ्यास कसा करावा ह्याबद्दलही मला जुने काही टाकावे लागले. आमच्या वेळी अभ्यास म्हणजे मोठ्याने वाचणे आणि पुन्हा वाचणे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे पुन्हा वाचायचे होते, काही मिटून ठेवून आठवेल ते कागदावर लिहायचे होते. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेले अधिक आठवले, शेकडा ८१ विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटे झाले. पुन्हा वाचलेल्याचे ४२ उरले होते, आठवून लिहिलेल्याचे ५६. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि मूल म्हणते, झाले. वर्गात ह्या समजुतीला धक्का द्यायला शिक्षक असतो. घरी तो धक्का मुलाने स्वतःच स्वतःला द्यायला शिकले पाहिजे. म्हणून आता नात धडा वाचून पुस्तक मिटते, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिते, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेन्सिलीने भरते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसेच. तिला हे आवडत नाही, कारण लाल रंग फार दिसतो. मी सांगतो की लाल आज दिसलेला बरा.

तपासण्याचे कामही मी सोडले. बग्रुतच्या जुन्या प्रश्नपत्रिका शिक्षण मंत्रालय सर्वांना मोफत पाहू देते. ती घड्याळ लावून सोडवते आणि स्वतः तपासते. चुकांची एक निराळी वही आहे. त्यात प्रत्येक चुकीपुढे ती लिहिते : माहीत नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, की घाईत आकडा चुकला. "मला गणित येतच नाही" हे तिचे वर्षभराचे पालुपद होते. दोन महिन्यांची वही मोजली तेव्हा 'माहीत नव्हते' सर्वांत कमी निघाले. बहुतेक चुका वाचण्याच्या आणि अधिक-उणे चिन्हांच्या होत्या. मी शंभर वेळा सांगितले असते तरी तिने विश्वास ठेवला नसता. आपल्या हाताने मोजले म्हणून ठेवला.

इथे माझ्या एका उणिवेचा फायदा झाला, तो सांगतो. इतकी वर्षे इथे काढूनही माझी हिब्रू बाजारहाटापुरती. गणिताचा लांबलचक शाब्दिक प्रश्न वाचताना मी अडखळतो. पूर्वी मला ह्याची लाज वाटे व मी तिच्या बापाकडून रात्री अर्थ समजून घेऊन सकाळी जात असे. आता तसे करत नाही. 'सिद्रा हेश्बोनित'चा प्रश्न आला की ती मला मराठीत समजावून सांगते. मी म्हणतो, अच्छा, ही आपली अंकगणिती श्रेढी. मग मी विचारतो, दिले काय आहे, मागितले काय आहे? विषम स्थानांवरच्या पदांची बेरीज मागितली आहे हे मला सांगता सांगता तिला दिसते की विषम स्थानांवरची पदे हीही एक श्रेढीच झाली, फक्त फरक दुप्पट. मी काहीच शिकवलेले नसते. तेव्हा ज्या आईवडिलांना वाटते की आपले शिक्षण कमी, हिब्रू कच्ची, आपण मुलाला काय मदत करणार, त्यांनी मुलाशेजारी बसून 'मला समजावून सांग' एवढे म्हणावे. मात्र खरोखर ऐकावे. मुलांना नाटक लगेच कळते.

अडचण आली की मला केव्हा विचारायचे, हेही आम्ही ठरवले. आधी वीस मिनिटे स्वतः झटायचे. मग विचारायचे, पण 'येत नाही' असे म्हणायचे नाही. 'इथपर्यंत आले, इथे अडले' असे म्हणायचे. निम्म्या वेळा हे वाक्य बोलतानाच तिला वाट सापडते. आणि मी तिच्या हातातून पेन्सिल घ्यायची नाही. हा नियम तिने माझ्यासाठी केला, आणि तो मी अजून मोडतो.

स्वतः शिकणे म्हणजे एकट्याने शिकणे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. आपल्याकडे येशिवात दोघांनी समोरासमोर बसून वाद घालत शिकण्याची हेव्रुताची रीत आहे, ती काही उगीच नाही. लोदला राहणाऱ्या एका मुलीबरोबर नात आठवड्यातून दोनदा फोनवर तनाख करते. जोडीदार तिने स्वतः शोधली. परीक्षेला नाव नोंदवण्यासाठी कुठे विचारायचे, कोणते कागद लागतात, ह्यासाठी फोनही तिनेच केले. पहिल्या वेळी घाबरून आईकडे फोन दिला, आईने तो परत तिच्या हातात दिला. पुढे ओपन युनिव्हर्सिटीचा एखादा विषय घ्यावा असे तिच्या मनात आहे. १९७६ पासून शिकवणाऱ्या ह्या विद्यापीठात प्रवेशाला बग्रुत लागत नाही आणि हायस्कूलच्या वयाची मुलेही विषय घेऊ शकतात. पुस्तक घरी वाचायचे आणि ठरलेल्या तारखांना स्वाध्याय, ज्याला 'मामान' म्हणतात, पाठवायचा. ज्याला तारखा पाळता येत नाहीत त्याची तिथे पंचाईत होते. म्हणून मी म्हटले, आधी शुक्रवारचा हिशेब सहा महिने नीट चालू दे.

सर्वच मुलांना हे लागू पडेल असे मी म्हणत नाही. ज्या मुलाला वाचतानाच त्रास होतो त्याला आधी त्या विषयाच्या जाणकाराकडे न्यावे. त्याच्या हाती योजना देणे म्हणजे न पोहणाऱ्याला खोल पाण्यात सोडणे आहे. जे मूल खिन्न होऊन खोलीत बसते त्याचा प्रश्न अभ्यासाचा नसतो. आणि फोनचा प्रश्न आमच्याकडेही सुटलेला नाही. सध्या अभ्यासाच्या वेळी तो स्वयंपाकघरात बरण्यांच्या मागे असतो. जागा तिनेच निवडली, पण तिथूनही तो कधी कधी गायब होतो. दोर सैल केला की अधूनमधून तो पुन्हा ओढावाही लागतो. उन्हाळ्यात तीन आठवडे योजना पार कोलमडली तेव्हा मी दिवसाचा क्रम परत माझ्याकडे घेतला आणि महिन्याने पुन्हा दिला. त्यात तिला कमीपणा वाटू नये म्हणून आधी तसे बोलून घेतले होते.

चार युनिटच्या गणिताच्या दोन प्रश्नपत्रिकांपैकी पहिली तिने दिली आहे. गुण चांगले पडले, फार चांगले नाहीत. निकाल पाहून तिने चुकांची वही काढली आणि दुसरीसाठी योजना लिहायला घेतली. गेल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे निघालो तर तिचा फोन आला, "नाना, आज येऊ नका, मला घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचाय. शुक्रवारी या." मी पायातले जोडे काढून ठेवले.

ज्यांची मुले घरी शिकत आहेत आणि ज्यांना गणितात कोणी सोबत हवी आहे, त्यांनी संपादकांकडे निरोप ठेवावा. माझ्या रविवारच्या सकाळी आता रिकाम्या आहेत.