दोन इस्त्र्या, एक बोर्ड : विजेचा हिशेब असा मांडावा

तेल्हाऱ्यात आमचे कापडाचे दुकान आहे. मागच्या खोलीत टेलर मास्टर बसतात. एका ईदच्या आधी शिलाईची इतकी गर्दी झाली, की एक इस्त्री पुरेना. दुसरी आणली आणि त्याच बोर्डाला लावली. तिसऱ्या दिवशी मास्टर म्हणाले, "सेठ, जरा बोर्डाला हात लावून पाहा." बोर्ड तापला होता, त्याचा प्लग पिवळा पडला होता आणि वीतभर अंतरावर सुटिंगचे ताके रचलेले होते. फ्यूज मात्र शाबूत होता. फ्यूज उडाला नाही म्हणजे सारे ठीक, हा माझा समज त्या दिवशी गेला.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आपण पै-पैचा हिशेब वहीत ठेवतो, विजेचा मात्र वायरमनवर सोडून देतो. वास्तविक तो साध्या गुणाकार-भागाकाराचा हिशेब आहे.

त्यात तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्याकडे घर-दुकानाला २३० व्होल्ट धरतात. दुसरी प्रवाह, म्हणजे करंट. तो अँपिअरमध्ये मोजतात. तिसरी रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. त्याचे माप ओहम. उर्दू शाळेत आम्ही प्रवाहाला 'बर्की रौ' आणि रोधाला 'मुजाहमत' म्हणत असू. या तिघांचे नाते जर्मनीच्या जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. ते शाळेत शिकवीत आणि त्यांचे वडील कुलपांचे कारागीर होते.

नियम दोनच आहेत. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट, म्हणजे विजेची शक्ती मिळते.

आमच्या इस्त्रीवर हे करून पाहू. वायरमनने टाँग टेस्टर लावून प्रवाह मोजला, तो ४ अँपिअर आला. (टाँग टेस्टर एकाच तारेभोवती धरावा लागतो, दोन्ही तारा आत आल्या तर काटा शून्यावर राहतो.) व्होल्टेज २३० होते. म्हणून रोध २३० भागिले ४, म्हणजे ५७.५ ओहम, आणि शक्ती २३० गुणिले ४, म्हणजे ९२० वॅट. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की बिलात एक युनिट पडते. यावरून ही इस्त्री तासाला जास्तीत जास्त ०.९२ युनिट घेईल. थर्मोस्टॅट मधून मधून वीज बंद करतो, म्हणून प्रत्यक्षात कमी.

आता व्होल्टेज पडून १८४ झाले असे समजा. इस्त्रीच्या कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो. प्रवाह १८४ भागिले ५७.५, म्हणजे ३.२ अँपिअर. शक्ती सुमारे ५८९ वॅट. दाब पाचवा हिस्सा घटला, पण शक्ती तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटली. संध्याकाळी इस्त्री तापत नाही, त्यात इस्त्रीचा दोष नसतो.

आता बोर्डाकडे येऊ. दोन इस्त्र्यांचा प्रवाह ८ अँपिअर आणि प्लग ६ अँपिअरचा. त्यातच एक स्क्रू सैल होता. सैल जोडालाही रोध असतो. तो अर्धा ओहम धरू. जोडात होणारी उष्णता काढायची तर अँपिअरला अँपिअरने गुणून पुन्हा ओहमने गुणावे. एका इस्त्रीवर ४ गुणिले ४ गुणिले अर्धा, म्हणजे ८ वॅट. दोन इस्त्र्यांवर ८ गुणिले ८ गुणिले अर्धा, म्हणजे ३२ वॅट. प्रवाह दुप्पट झाला, उष्णता चौपट. रेडिओ दुरुस्तीवाला २५ वॅटच्या सोल्डरिंगने कथील वितळवतो. त्याहून जास्त उष्णता आमच्या ताक्यांशेजारी एका स्क्रूच्या टोकाशी कोंडली होती.

फ्यूज का उडाला नाही? तो १० अँपिअरचा होता आणि प्रवाह ८ होता. फ्यूज किंवा एमसीबी प्रवाह पाहते. जोड सैल आहे की घट्ट, हे तिला कळत नाही. आपल्या जिल्ह्यातील पारसच्या केंद्रातून वीज लांब पाठवताना तिचा दाब खूप वाढवतात, तेही याच कारणाने. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो आणि तारा कमी तापतात.

मोटारीबाबत एक सावधगिरी ठेवावी. शिलाई मशीनच्या मोटारीला रोधाचा हा भागाकार लागू पडत नाही. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअरला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते. २३० व्होल्ट, २ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर ३२२ वॅट.

टाँग टेस्टर नसला तरी अडत नाही. उपकरणाच्या पट्टीवरील वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतील. एका बोर्डावरील सर्वांची बेरीज करा. ती प्लगवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा जास्त आली, तर त्याच दिवशी एक वस्तू काढा. इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, अडीच एमएमची तांब्याची तार आणि आयएसआय मार्कचे सामान घ्या. वर्षातून एकदा मेन स्विच बंद करवून वायरमनकडून सर्व स्क्रू आवळून घ्या. बोर्डाजवळ कापड रचू नका.

आम्ही हे सारे करून घेतले. त्याचा खर्च सुटिंगच्या एका ताक्याहूनही कमी आला.