न भरणारा मुखव्रण : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी मुखाची सात स्थाने सांगून तेथील ६५ रोगांचे वर्णन केले आहे. अर्बुद हे स्थिर, मंद वेदनेचे, दीर्घकाळ वाढणारे व न पिकणारे असते, असेही ते सांगतात. मुखाचा कर्करोगही आरंभी बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही, म्हणजे काळजी नाही' ही रुग्णांची समजूत म्हणूनच घातक ठरते.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी तंबाखू, मावा, मिश्री यांचे व्यसन सुटलेले नाही. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगजनक आहे. अशा रुग्णात पुढील चिन्हे आढळल्यास आपण सावध व्हावे :

१) दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण.
२) पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा त्याहून अधिक धोक्याचा.
३) तिखटाने आग होणे व तोंड पूर्ण न उघडणे.
४) अकारण हलणारा दात, गिळताना त्रास, आवाजात बदल.
५) मानेत कठीण गाठ.

जिव्हापरीक्षण आपण नित्य करतोच. त्याच वेळी चांगल्या प्रकाशात, कवळी काढावयास सांगून, गालांची आतील बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा व जिभेखालील भाग पाहावा आणि मान चाचपावी. यास फार वेळ लागत नाही. संशयित व्रणावर क्षारकर्म वा दहनकर्म करू नये. त्याने मूळ स्वरूप झाकले जाते. पहिल्या दर्शनाची तारीख नोंदवून रुग्णास तुकडा तपासणीसाठी पाठवावे.

खदिरादि वटी किंवा इरिमेदादि तेल एकच ग्राहक पुनःपुन्हा नेत असेल, तर औषधविक्रेत्यांनी व्रण किती दिवसांचा आहे हे अवश्य विचारावे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही स्मरणात असावे.

लक्षणांची वाट न पाहता केलेली तपासणी अधिक मोलाची. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी केलेल्या मुखतपासणीमुळे तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० वर्षांवरील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी सुचविली आहे. व्यसनी रुग्णाचे मुख मात्र आपण प्रत्येक भेटीत पाहावे.

रुग्ण वेळेवर पुढे पाठविणे म्हणजे रुग्ण गमावणे नव्हे. साध्यासाध्यता जाणून वागणे हाच वैद्याचा धर्म होय. साध्य अवस्थेतील व्याधी आपल्या विलंबाने असाध्य होऊ नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी.