भिंत पाडण्याआधी

प्रश्न : शेजारचे काका मिस्त्री न लावता स्वतःच हॉलची भिंत पाडायला निघालेत. ‘सगळ्या भिंती सारख्याच,’ म्हणतात. कोणाचं ऐकत नाहीत. काय करू?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. सगळ्या भिंती सारख्या नसतात. कॉलम नसलेल्या जुन्या घरात नऊ इंची भिंत बहुधा स्लॅबचा भार पेलते. ती फोडली तर स्लॅब कोसळू शकतो. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे देते.

काकांशी वाद नको. ‘आधी इंजिनिअरला दाखवू, मी सोबत थांबतो,’ म्हणा. मोकळी जागा हवी असेल, तर टेकू लावून, वर बीम टाकून ती मिळू शकते. फोडाफोडी सुरू झाली असेल, तर त्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका. भिंत सामाईक असल्यास नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या.