आरशात बघितलंस का?

मार्गशीर्ष, गुरुवार

चि. बापूस,


पत्र बघून हसशील. फोनवरच बोलणार होतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि मला पुढचं सुचत नाही. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

रविवारी रात्री छोटीचा फोन आला होता. चहाडी म्हणू नकोस, पोर रडत होती. तुम्ही तिघं तुळशीबागेत निघाला होतात. सातारा रस्त्याला धनकवडीच्या पुढे एक म्हातारा सायकलवर चालला होता. तू मागून हॉर्न दाबून धरलास आणि त्याला खेटून गाडी काढलीस. छोटीने मागे वळून बघितलं तर सायकल आडवी आणि म्हातारा हात टेकून रस्त्यावर बसलेला. तुझी आई, माझी ताई, म्हणाली, “थांब रे.” तू म्हणालास, “माझी लागली तरी का त्याला? आपणच पडला.” आणि सिग्नल पडायच्या आत पुढे निघून गेलास.

छोटी नववीतली. घाबरली की तिच्या बोलण्याला तिखटमीठ लागतं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे नक्की किती आणि काय झालं ते तुझ्याकडून ऐकेन. पण एक आधी सांग. पुढे गेल्यावर तू आरशात बघितलंस का?

‘लागली तरी का’ या तुझ्या बोलण्याचं आधी बघू. ताईच्या उजव्या कोपरावरचा व्रण तू लहानपणापासून बघतोस. चिंचेवरून पडली, असंच आम्ही तुम्हा पोरांना सांगत आलो. ती चिंचेवरून पडली नव्हती, माझ्या सायकलच्या कॅरिअरवरून पडली होती. मी पंधरा वर्षांचा, आबांची उंच सायकल, पाय जेमतेम पायडलला पुरायचे. बाजाराला निघालो होतो. मागून जीप आली, अगदी कानाशी हॉर्न वाजला आणि जीप भर्रकन निघून गेली. तिचा पत्रा आम्हाला शिवलासुद्धा नाही. पण मी दचकलो, हँडल डावीकडे गेलं आणि पुढचं चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरलं. साइडपट्टी चार बोटं खाली होती. ताई खडीवर आपटली. तो जीपवाला घरी जाऊन जेवला असेल, झोपला असेल. कुणी विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, लागली तरी कुठे?

आबांचा मार मला बसू नये म्हणून चिंचेची गोष्ट ताईनेच रचली. आता कळलं का ती रविवारी ‘थांब’ का म्हणाली ते?

सायकल सरळ रेषेत चालत नसते, बापू. ती थोडी इकडे, थोडी तिकडे डोलत असते, म्हणून तर उभी राहते. त्या डोलण्याला जागा लागते. मोठी गाडी जवळून गेली की हवा आधी बाहेर लोटते आणि गाडी पुढे सरकली की आत ओढते. न लावताही माणूस पाडता येतो. जर्मनीतली तुझी चुलत बहीण सांगत होती, तिकडे २०२० पासून नियमातच लिहिलंय: सायकलच्या पुढे गाडी काढायची तर गावात निदान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. दीड मीटर म्हणजे किती, तर आपली ताई. जवळजवळ पाच फूट. तुझी गाडी आणि त्याची सायकल यांच्यामध्ये ताई आडवी मावली पाहिजे. मावत नसेल तर मागे राहायचं. किती वेळ? अर्धं मिनिट, फार तर एक. तेवढ्याने तुळशीबाग बंद होत नाही.

छोटीच्या सांगण्यावरून तू असंही म्हणालास म्हणे, की त्यांच्यासाठी वेगळा ट्रॅक केलाय, तर रस्त्यावर मरायला येतात कशाला. बसची वेगळी लेन म्हणजे बीआरटी केली त्या वेळी सातारा रस्त्याला सायकलचे मार्ग केले, हे खरं. गेल्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा रोज सकाळी मी त्यावरूनच फिरायला जायचो. कुठे मोटारसायकली लावलेल्या, कुठे वडापावची गाडी, कुठे मधेच विजेची पेटी, आणि चौक आला की मार्गच संपलेला. सत्तरीचा माणूस त्यावरून सायकल चालवील का उचलून नेईल? आणि तो रस्त्याच्या अगदी कडेने का जात नाही, हा तुझा राग असेल तर कधीतरी गाडीतून उतरून ती कड बघ. गटाराची जाळी, वाळू, काचा आणि ओळीने उभ्या गाड्या. त्यातल्या कुठल्या गाडीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही. तो हातभर आत चालतो तो तुला अडवायला नव्हे, जिवाला जपायला.

दारावरून आठवलं. उतरताना तू उजव्या हाताने दार उघडतोस ना? यापुढे डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर आरशावरून मागे जाते. छोटी डाव्या बाजूला बसते, तिने उजव्या हाताने उघडायचं. नेदरलँड्समध्ये असंच शिकवतात म्हणे. ३२ वर्षं स्टिअरिंग धरूनही मला हे सुचलं नव्हतं.

डावीकडे वळताना तर दोनदा बघ. सायकलवाला तुझ्या डाव्या अंगालाच असतो आणि त्याला सरळ जायचं असतं. तू त्याला ओलांडून लगेच वळलास की त्याच्यापुढे भिंतच उभी राहते. आणि वेग आवर. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तू १४ मीटर पुढे गेलेला असतोस. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरची धाव दुप्पट नाही, चौपट होते. तू इंजिनिअर, हे तू मला शिकवायचं. गाडीचे हप्ते तू भरतोस म्हणून रस्त्याचा सातबारा तुझ्या नावावर होत नाही.

बघ, रागावणार नव्हतो.

खरं म्हणजे मला झोप लागली नाही ती तुझ्यामुळे नाही. आता जे लिहितो ते तुझ्या मामीलाही माहीत नाही.

कपाटातलं ते सन्मानचिन्ह तुला आठवत असेल. ‘३२ वर्षे विनाअपघात सेवा.’ निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात मिळालं, तुम्ही सगळे टाळ्या वाजवायला आला होतात. ताई पाहुण्यांना अजून ते काढून दाखवते. बापू, ते खोटं आहे.

जानेवारी १९८७. गळीत हंगाम जोरात होता. पहाटे चारला पाळी सुटली की कामगारांची बस घेऊन मी वाड्यावस्त्यांवर माणसं सोडत जायचो. त्या दिवशी सोडून परत येत होतो. कालव्याकडेचा रस्ता, अंधार, त्यात धुकं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, त्याचा एकच दिवा चालू. मी गाडी डावीकडे दाबली. तेवढ्यात डाव्या अंगाला आवाज झाला. ठण्ण. किटलीचा आवाज. डेअरीला दूध घालायला निघालेला कुणी सायकलवाला असणार, दोन्हीकडे किटल्या अडकवलेला. क्लीनर म्हणाला, “काही नाही, चला.” तो झोपेत होता. मीही म्हणालो, काही नाही. ब्रेकवर पाय गेला होता, तो मी काढून घेतला.

आरशात बघितलं नाही. अंधारात काय दिसणार, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. दिसलं तर थांबावं लागेल, याची भीती.

सकाळी गाडी धुताना मागच्या पत्र्यावर दुधाचा ओघळ वाळलेला सापडला. तो मी धुऊन टाकला. आठ दिवस डेअरीच्या रस्त्याने गेलो नाही. कुणाला विचारलं नाही, कुणी काही बोललंही नाही. फार काही झालं नसेलही. खरचटलं असेल, दूध सांडलं असेल. पण मी विचारलं नाही, म्हणून मला कधीच कळलं नाही. आज इतकी वर्षं झाली. पहाटे गल्लीत किटली वाजली की मी उठून बसतो. मामीला वाटतं, म्हातारपणाची झोप.

कायद्याचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्यात कलम १३४ आहे. आपल्या गाडीमुळे कुणी जखमी झालं तर त्याला दवाखान्यात पोचवायची तजवीज करणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. लोक अंगावर येतील अशी धास्ती असेल तर थोडं पुढे सुरक्षित जागी थांबावं, पण फोन करावा. तेव्हाच्या जुन्या कायद्यातलं असंच कलम मला पाठ होतं. पाठ असून उपयोग झाला नाही. कलमाने पाय ब्रेकवर जात नाही, बापू.

छोटीलाही दोन शब्द सांग. क्लासला सायकलने जाते म्हणाली. मागे लाल दिवा हवाच, पुढचाही पेटता हवा. कानात गाणी नकोत. शंभर पावलं वाचवायला उलट्या बाजूने यायचं नाही. वळायच्या आधी मागे बघून हात दाखवायचा. आमच्या वेळी रात्री दिव्यावाचून सायकल दिसली की पोलीस उतरवून पायी चालायला लावायचा. तेव्हा राग यायचा, पण त्याचं बरोबर होतं. जबाबदारी दोघांचीही आहे, हे मी नाकारत नाही. पण चूक कुणाचीही असो, हाड त्याचं मोडतं. तुझ्या फार तर रंगाला ओरखडा येतो. म्हणून सांभाळायचं जास्त ते तू.

फार लिहिलं. तू वाईट नाहीस रे. रविवारी संध्याकाळपासून तू कुणाशी धड बोलला नाहीस, नीट जेवलाही नाहीस, असंही छोटीने सांगितलं. ते ऐकून मला खरंच बरं वाटलं. माझ्यासारखं तुला ते धुऊन टाकता आलेलं नाही.

सुट्टीला यायचास तेव्हा माझ्या बसमध्ये तुझी जागा ठरलेली असायची. इंजिनाच्या झाकणावर, पोतं घालून. सहा-सात वर्षांचा असशील. तुला मी काम दिलं होतं: डाव्या बाजूला लक्ष ठेवायचं. त्या बसचा डावा आरसा फुटका होता. तू मान वाकडी करून बसायचास आणि ओरडायचास, “मामा, सायकल!” मी वेग कमी करायचो. मग तू सायकलवाल्याला हात करायचास आणि तोही तुला हात करायचा. किटलीचा आवाज ऐकल्यानंतरची माझी तेवढीच वर्षं सुखाची गेली, कारण डाव्या अंगाला तू होतास.

आता माझं एक काम कर. शनिवारी सकाळी लवकर उठ. गाडी घरी ठेव आणि त्या ठिकाणी चालत जा. पेपरवाला असेल, चहाची टपरी असेल, रिक्षावाले असतील. रविवारी इथे सायकलवरून पडलेले आजोबा कोण, म्हणून विचार. रोजच्या रस्त्याचा माणूस असेल तर कुणीतरी ओळखेलच. भेटले तर तोंड चुकवू नकोस, ‘ती गाडी माझी होती’ असं सांग. बोलतील ते ऐकून घे, रागावले तर रागावू दे. हात दाखवायला डॉक्टरकडे घेऊन जा, सायकलचं चाक वाकलं असेल तर सरळ करून दे. तुझ्या प्रसंगाला अजून आठवडाही झालेला नाही. माझ्या डेअरीच्या रस्त्याला किती वर्षं झाली, ते तू मोज.

संक्रांतीला गाडी घेऊनच ये. आपण कालव्याच्या रस्त्याने जाऊ. मी डावीकडे बसेन. उपदेश करणार नाही, फक्त सायकल दिसली की सांगेन.

शनिवारी काय झालं ते कळव. आजोबा भेटोत न भेटोत, फोन कर. कितीही उशीर झाला तरी कर, मी जागाच असतो.

तुझा,
मामा