आधी पुरावा, मग पार्ट

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वाढत गेलं. इथल्या घराघरांतून कोणी ना कोणी शिफ्टला जातं. घरातला कॉम्प्युटर बहुधा हप्त्यांवर घेतलेला असतो. त्यावर मुलांचा अभ्यास, कुणाचं कॅडचं काम, कुणाचं टॅली चालतं. तो मध्येच बंद पडायला लागला की अंदाजाने आधी रॅम बदलली जाते, मग एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), मग मदरबोर्ड. पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. कारखान्यात मेंटेनन्सला काम करताना लागलेली शिस्त मी शेजाऱ्यांच्या मशीनवरही पाळत आलो. त्यातून हाती आलेलं हे.

१. आधी डेटा बाहेर काढा
मशीन चालू होतंय तोवरच फोटो, प्रोजेक्ट, हिशेब दुसऱ्या डिस्कवर घ्या. आजारी डिस्क तपासणीच्या ताणानेही दगावते.

२. नेमकं काय होतं ते लिहा
'हँग होतो' हे निदान नव्हे. पडदा आहे तसा गोठतो, निळी स्क्रीन येते, की मशीन खटकन बंद होतं? ही तीन वेगळी दुखणी आहेत. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, उकाडा किती होता, दिवे मिणमिणले का, सगळं वहीत टिपा. निळ्या स्क्रीनवरच्या कोडचा फोटो काढा. कोड दर वेळी निराळा असेल तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. एकाच ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं, तर आधी तो ड्रायव्हर बघतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक एसएमपीएस आणायला निघतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. त्याच वेळेला 'व्हिया-लॉगर'ची नोंद असेल, तर मात्र ती हार्डवेअरने स्वतः नोंदवलेली चूक समजा.

३. तपास भिंतीपासून सुरू करा
कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? वायरमनकडून सॉकेटचं व्होल्टेज मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थिंग नसेल तर नव्या पार्टवर पैसे घालण्याआधी ते करून घ्या.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो, पण पीसी रीस्टार्ट होतो, ही तक्रारही नेहमीची. पुरवठा तुटल्यावर चांगला एसएमपीएससुद्धा जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवरच्या इन्व्हर्टरला पुरवठा उचलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते आधी वापरून बघा. त्याला खर्च नाही.

४. मे महिन्याचं गणित समजून घ्या
पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. जानेवारीत खोली २५ अंशांवर आणि प्रोसेसर ७५ वर असेल, तर मेमध्ये खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर त्याच कामाला ९० च्या घरात जातो. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर बंद पडतात. म्हणून 'हिवाळ्यात चांगला चालत होता' हे ऐकलं की मी आधी कॅबिनेट उघडतो. हीटसिंकच्या पात्यांत धूळ गोधडीसारखी बसलेली असते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं धरून ठेवा. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. साफसफाईच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही तापमानं वहीत लिहा.

५. रॅमला एक रात्र द्या
पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवा. एकही चूक चालायची नाही. चूक निघाली तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून तपासा, म्हणजे दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते कळेल. गूगलच्या डेटा सेंटरमधल्या यंत्रांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. पट्टी नवी आहे म्हणून तिला तपासातून वगळू नका.

६. डिस्कचं ऐका
डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येते. हार्ड डिस्कच्या यादीत ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय. फक्त १९९ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. स्वस्तातल्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात जाऊ नये.

७. एसएमपीएस बदलून बघा, उघडू नका
गेम किंवा रेंडरिंग सुरू होताच निळी स्क्रीन न येता मशीन बंद पडत असेल आणि तापमान ठीक असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्या. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. पण क्षणभराची घसरण साध्या मल्टीमीटरवर दिसत नाही. पुरेशा वॅटचा, खात्रीचा एसएमपीएस कुणाकडून तरी आणून लावणं हीच खरी चाचणी. झाकण मात्र उघडू नका. आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

८. एका वेळी एकच बदल
रॅम, केबल आणि विंडोज एकाच दिवशी बदललं, तर मशीन कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही. शिवाय दोष दिसतो तिथेच असतो असंही नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर जगभर क्रॅश होत होते. काही गेम तर ग्राफिक मेमरी अपुरी असल्याचा संदेश देत, आणि लोक ग्राफिक कार्डाला दोष देत. २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की प्रोसेसरला प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत होतं. तिने बायोसमधून सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. खिशात हात घालण्याआधी बायोसची नवी आवृत्ती आणि वॉरंटीचं बिल, दोन्ही बघा.

९. ज्या कामाने बंद पडलं, त्याच कामाने पारखा
दुकानात जाताना वही न्या आणि बदललेला पार्ट परत मागून घ्या. जाणता मेकॅनिक नोंदी बघून खूश होतो, कारण त्याचा अर्धा तपास झालेला असतो. घरी आल्यावर मशीन नुसतं सुरू झालं म्हणून समाधान मानू नका. ज्या कामावर ते पडत होतं तेच काम, दिवसाच्या त्याच वेळी, तितकाच वेळ चालवा. त्यात ते टिकलं तरच दुरुस्ती झाली असं म्हणा. महिन्याच्या पगारातून काढलेले पैसे अंदाजावर जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.