कागद यंत्र लिहील, विचारायला तूच जा

अगं, आधी ते सगळे कोर्स कार्टमधून काढून टाक बघू. पायथन, डेटा सायन्स, प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग, वर आणखी कुठलंसं सर्टिफिकेट! घाबरून मध्यरात्री विकत घेतलेला कोर्स आजवर कुणी पुरा केलाय का गं? पाणी पी, जरा टेकून बस, आणि माझं ऐक.

तुला भीती कशाची वाटतेय ते मला कळतंय. इतकी वर्षं बीए, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणून काम केलंस. क्लायंटशी बोलायचं, नोट्स काढायच्या, गरजांचा दस्तऐवज म्हणजे बीआरडी लिहायचा, त्यातून युझर स्टोरी पाडायच्या, डेव्हलपरच्या मागे लागायचं, यूएटीला, म्हणजे शेवटच्या चाचणीला, युझरच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं. आता मीटिंग संपते न संपते तोच कोपायलटचा एआय मिनिट्स हातात ठेवतो. त्याच मिनिट्सवरून युझर स्टोरी काढ म्हटलं, तर अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियासकट काढून देतो. आणि तिकडे अकाउंट्समधला एखादा पोरगा मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्समध्ये स्वतःच स्क्रीन बनवून साहेबांना दाखवतो. मग आपलं काय, असं वाटणारच.

खरं सांगू का, तुझ्या कामातला एक भाग जाणार आहे. खोटा धीर मी तुला देणार नाही. मीटिंगमधलं बोलणं सुबक कागदावर उतरवणं, टेम्प्लेट भरणं, व्हिजिओत चौकोन-बाण सरळ करत बसणं, याचे पैसे यापुढे कुणी फारसे मोजणार नाही. पण तुझी किंमत कधी तेवढ्यावर नव्हतीच, आणि हे तुझ्या मॅनेजरला कळतं, तुला कळत नाही.

हे सगळं रातोरात आलेलं नाही बघ. फारसा कोड न लिहिता अ‍ॅप बनवायच्या या पद्धतीला ‘लो-कोड’ हे नाव फॉरेस्टरच्या विश्लेषकांनी २०१४ मध्ये दिलं, पण झोहो क्रिएटर २००६ पासून आहे आणि आउटसिस्टम्स तर २००१ पासून. पॉवर अ‍ॅप्स २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. दर वेळी अ‍ॅप बनवणं सोपं झालं, म्हणून जास्त लोक बनवायला लागले. आणि नक्की काय बनवायचं हे न विचारताच बनवणारेही तितकेच वाढले.

आता तुला चाकणजवळच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगते, नाव जाऊ दे. तिथल्या स्टोअर इन्चार्जनी गेट पासचं अ‍ॅप स्वतःच्या हिमतीवर बनवलं. माल जॉबवर्कला बाहेर गेला की रिटर्नेबल गेट पास फाडतात, तो रजिस्टरमधून उचलून त्यांनी पॉवर अ‍ॅप्समध्ये आणला. नोंदी शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये. खरंच छान बनवलं होतं, आणि कित्येक महिने उत्तम चाललं. मग एका सकाळी ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हरच्या हातात पास नंबर, आणि सिक्युरिटीवाल्याच्या टॅबवर काही केल्या तो पास सापडेना. लिस्ट उघडली तर नोंद जागच्या जागी होती, अ‍ॅपच्या सर्चमध्ये मात्र नाही. कारण एवढंसं. शेअरपॉइंटवर तसला सर्च लावला, तर पॉवर अ‍ॅप्स मूळ सेटिंगप्रमाणे पहिल्या ५०० नोंदींमध्येच शोधतं. सेटिंग वाढवलं तरी २००० च्या पुढे जात नाही. अ‍ॅप बनवताना तशी सूचना दिसते, पण चाळीस नोंदींवर तपासणाऱ्या माणसाला ती कशाला महत्त्वाची वाटेल?

आता मला सांग, तू त्या खोलीत असतीस तर पहिल्या दहा मिनिटांत काय विचारलं असतंस? ‘महिन्याला पास किती निघतात हो? आणि जुने किती दिवस ठेवता?’ बस! या मर्यादेला डेलिगेशन लिमिट म्हणतात हेही तुला ठाऊक नसतं, तरी तुझ्या या प्रश्नाने पुढचा घोळ टळला असता. हेच तुझं काम आहे गं.

अजून ऐक, कारण खरी गंमत पुढे आहे. त्याच अ‍ॅपसाठी झालेल्या मीटिंगच्या ट्रान्स्क्रिप्टवरून एआयने स्टोरी लिहिली की माल वेळेत परत आला नाही तर स्टोअरला आठवण जावी. वाचायला अगदी नीटनेटकी. पण ‘वेळेत’ म्हणजे किती? जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे रवाना व्हावा लागतो. कॅपिटल गुड्सना तीन वर्षं. मुदत टळली तर माल पाठवल्या दिवसापासूनच तो पुरवठा धरून कर बसतो. आणि मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर, टूल यांना ही मुदतच लागू नाही. हे सगळं अकाउंट्सच्या मॅडमच्या डोक्यात होतं, त्या मीटिंगला नव्हत्या, म्हणून ट्रान्स्क्रिप्टमध्ये आलं नाही आणि स्टोरीतही आलं नाही. मिक्सर वाटण बारीक करून देतो, पण खोबरं भाजून घ्यायचं की कच्चं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही तर तो काय करणार?

त्यावर कडी म्हणजे, आठवणीसाठी कुणीतरी पॉवर ऑटोमेटचा आपोआप चालणारा फ्लो सुचवला: पास निघाला की अकरा महिने थांब आणि मग ईमेल टाक. पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लोचा एक रन ३० दिवसांच्या पुढे चालत नाही. तो ईमेल कधीच गेला नसता! रोज सकाळी लिस्ट तपासणारा साधा फ्लो लावला की काम भागतं. म्हणून म्हणते, टूलचा थोडा हात तुला हवाच. डेव्हलपर होण्यासाठी नाही, समोरचा जे कबूल करतोय ते टूलला झेपतं का, हे ओळखता यावं म्हणून. पॉवर अ‍ॅप्सचा डेव्हलपर प्लॅन फुकट आहे. कोर्सचे पैसे वाचव आणि तुझ्या टीमची एखादी खरी कटकट निवडून त्यावर छोटं अ‍ॅप बनव. त्याच्या जोडीला एसक्यूएल शीक. दोन टेबलं जोडून आकडे स्वतः काढता आले की क्लायंटचं ‘असं क्वचितच होतं’ तू तिथल्या तिथे पडताळू शकतेस. बाकी सगळं थांबू शकतं.

आणि हे शिकायचं ऑफिसच्या वेळात. लेकीला झोपवून, ओटा आवरून, उद्याची भाजी चिरून झाल्यावर लॅपटॉप उघडायचा नाही, सांगून ठेवते. मॅनेजरकडे आठवड्याचे दोन तास माग. कंपनीलाच हवंय हे, तुझा छंद नाही तो.

एआयला घाबरून दूर ठेवू नकोस, राबवून घे. पहिला खर्डा त्यालाच लिहू दे. मग प्रत्येक स्टोरीसमोर लिही, हे कोण म्हणालं. जिथे नाव सापडत नाही ती स्टोरी त्याने मनाने घातलेली समज, आणि जाऊन विचार. उलटही कर: ‘या प्रक्रियेत कोणते प्रश्न विचारायचे राहिलेत?’ असं त्यालाच विचार. विसातले पंधरा प्रश्न फुटकळ निघतील, पण उरलेल्यांत एखादा असा असतो की सुचला नसता. मात्र क्लायंटचा डेटा, ग्राहकांची नावं, फोन नंबर यातलं काहीही कंपनीने परवानगी न दिलेल्या टूलमध्ये चिकटवायचं नाही. घाई असली तरी नाही, मॅनेजर ‘टाक गं’ म्हणाले तरी नाही.

डेटावरून आठवलं. २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीला आढळलं, की पॉवर अ‍ॅप्सवर बनवलेल्या पोर्टलांमधून ४७ संस्थांच्या मिळून ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर पडल्या होत्या. त्यात लसीकरणाच्या अपॉइंटमेंट होत्या, अमेरिकी लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर होते. कुणाला कुलूप फोडावंच लागलं नाही, टेबल परमिशनचं सेटिंग चालू करायचंच राहिलं होतं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नव्या पोर्टलांना ते आपोआप चालू ठेवलं. ‘हे नक्की कुणाकुणाला दिसायला हवं?’ हा प्रश्न इतक्या संस्थांमध्ये कुणी शेवटपर्यंत लावून धरला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या नोंदींमागे माणसं होती गं.

तुझ्या ऑफिसातही आता ठिकठिकाणी अशी अ‍ॅप उगवली असतील. सोमवारी एक साधी शीट उघड. कुठलं अ‍ॅप, कुणी बनवलं, डेटा कुठे साठतो, कोण पाहू शकतं, आणि बनवणाऱ्याने नोकरी सोडली तर ते कुणाकडे जाईल. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रिकामी जागाच सापडेल. ती शीट घेऊन मॅनेजरकडे गेलीस, की बीएची गरज काय हे तुला तोंडाने सांगावंच लागणार नाही.

आणि अप्रेझलचा फॉर्म आलाय ना? त्यात अमुक इतक्या स्टोरी लिहिल्या, इतके बीआरडी केले, असं भरू नकोस. कुठला नियम तुझ्यामुळे वेळेवर सापडला, कुठलं अ‍ॅप तू विचारलंस म्हणून बनवायचं थांबलं, कुणाचं काम त्यामुळे हलकं झालं, ते लिही. सबमिट करायच्या आधी मला पाठव. तू स्वतःबद्दल नेहमी कमीच लिहितेस.